नळीतलं अंडं

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या पायावर सूज असेल, तर आधी नडगीवर अंगठा दाबून पाहा. खड्डा पडला आणि दहा आकडे मोजेपर्यंत तो तसाच राहिला, तर हा मजकूर तुमच्यासाठी आहे. खड्डा पडला नाही, तर गंमत म्हणून वाचा. माझी त्यालाही हरकत नाही. वाचणारा मिळाल्याशी कारण.

मी तारकर्लीचा. हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि मधल्या सुट्टीत, लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या थांब्यावर, जिथे चार माणसं उभी दिसतील तिथे गोष्टी सांगतो. माझी बायको शालन म्हणते, "ह्येंका ताप येता तोसुद्धा माणसां बघून." दोन हजार तीन साली मात्र मला असा आजार झाला की ज्यात माणसंच बंद होती. मला कोंडून घालायचं तर याहून चांगली कोठडी देवालाही सुचली नसती.

गणपतीतली सूज

गणपतीच्या दिवसांत सकाळी उठलो की डोळ्यांच्या पापण्या पुरीसारख्या फुगलेल्या. दुपारपर्यंत डोळे उघडायचे आणि संध्याकाळी चपला आवळायच्या. म्हणजे सूज दिवसभर डोक्याकडून पायाकडे चालत जायची. आईने, म्हणजे आमच्या आयेने, तोंड बघून निकाल दिला, "झिला, मोदक कमी खा." मोरीत लघवीला फेस यायचा. मला वाटलं शालनने साबणाचं पाणी ओतलंय. शालनला वाटलं मी ओतलंय. आठवडाभर आम्ही दोघं एकमेकांच्या साबणावरून बोलत होतो.

विसर्जन झालं आणि मालवणातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हातारे, कमी बोलणारे. त्यांनी माझी लघवी काचेच्या परीक्षानळीत घेतली, स्पिरिटचा दिवा पेटवला आणि नळीचा वरचा भाग आचेवर धरला. मी आपला त्यांना शाळेतली एक गोष्ट सांगत होतो. गोष्ट अर्ध्यावर होती आणि माझं लक्ष नळीकडे गेलं.

नळीचा खालचा अर्धा भाग नितळ होता. वरचा पांढरा, दाट, गुठळ्या धरलेला.

ते काय आहे हे डॉक्टरांनी सांगायच्या आधी मी ओळखलं. तोवर बावीस वर्षं मी दहावीच्या वर्गात अंड्याचा पांढरा बलक नळीत तापवून दाखवत आलो होतो. प्रथिनाची घडी उष्णतेने उलगडते, उलगडलेले धागे एकमेकांत गुंततात आणि पांढरं होतं. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा इतक्या ऐटीत म्हटलं होतं की मुलं माझी नक्कल करायची. आता तोच प्रयोग समोर चालू होता. अंडं तेवढं मी होतो.

"मास्तर," डॉक्टर म्हणाले, "पुढची गोष्ट गोव्यात सांगा. मोठ्या हॉस्पिटलात."

बावन्न पोरांचं प्रथिन

आजार समजायला थोडं विज्ञान लागतं, पण भिऊ नका, मी ते दरवर्षी मैदानावर शिकवतो.

प्रथिन म्हणजे साखळी. तिचे मणी म्हणजे अमिनो आम्लं. मणी वीस प्रकारचे, पण कुठला कुणाच्या शेजारी यावर सगळा खेळ. आमच्या वर्गात मुलं बावन्न. इन्सुलिनला अमिनो आम्लं लागतात एकावन्न. म्हणून मी एकवीस मुलांची एक रांग करायचो, तीस जणांची दुसरी, आणि उरलेला बावन्नावा म्हणजे पाणी. तो भोवती नाचत राहायचा. मग मी ओरडायचो, "पाण्याक भिणारे आत, पाण्याचे शौकीन भायेर!" कारण अमिनो आम्लांचे स्वभाव असतात. काहींना पाणी सोसत नाही, ती आत दडतात. काही पाण्याशेजारी खूश. गंधकवाले असतात ते जोडीने हात धरून घट्ट उभे राहतात. त्या ढकलाढकलीतून रांगेची घडी पडते, आणि त्या घडीवर ठरतं ते प्रथिन काम काय करणार. रांगेत एकाने जागा बदलली तरी कधी कधी घडी बिघडते.

किनाऱ्यावरची पोरं. दरवर्षी कोणीतरी भांडायचाच, "सर, माका पाण्याची भीती नाय, माका आत कित्याक घातल्यात?"

माझ्या अंगातून जे गळत होतं त्याचं नाव अल्ब्युमिन. पाचशेच्या वर मण्यांची साखळी, यकृत ती विणतं आणि रक्तात सोडतं. तिचं मुख्य काम पाणी धरून ठेवायचं. मूत्रपिंडाची चाळणी इतकी बारीक असते की ही घडी तिच्यातून जात नाही. माझी चाळणी सैल झाली. अल्ब्युमिन लघवीतून चाललं, रक्तातलं पाणी धरायला कोणी उरलं नाही, आणि ते पाणी पायात, पापण्यांत, पोटात जाऊन बसलं. मी ज्याच्या काठी राहत होतो तो समुद्र माझ्या कातडीच्या आत आला, एवढंच.

हसायचं नाही

गोव्यातल्या हॉस्पिटलात अकरा दिवस होतो. पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा काढणार होते. तरुण डॉक्टर म्हणाला, "पालथे झोपा. श्वास मी सांगेन तेव्हा रोखायचा. बोलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही." नंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उताणं पडून राहायचं. कूस बदलायची नाही. पोटाखाली आधी उशी, मग पाठीखाली वाळूची पिशवी.

मी आयुष्यात पहिल्यांदा इतका वेळ गप्प होतो. छतावर पंखा होता, त्याला चार पाती. माझ्या भीतीचं म्हणाल तर ती सुईची नव्हती. ती ही होती की आत काय चाललंय ते बाहेर कोणीतरी काचेखाली बघणार, आणि मला तिथे एक शब्दही मधे घालता येणार नाही.

वॉर्डातली सिस्टर लुर्दीन आरोंद्याची. आमचीच बोली. ती येऊन वाळूची पिशवी सारखी करायची आणि म्हणायची, "मास्तर, हसू नका हां. माका तुमचां तोंड बगून हसाक येता, पण तुमी हसू नका." त्या वाळूच्या पिशवीवर पडून मला जी हसण्याची उबळ यायची, ती यातनाच होती. पण तीच एक मेहेरबानीही होती.

निकाल बरा आला. चाळणी फाटलेली नव्हती, सैल होती. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी घट्ट होण्याची शक्यता चांगली. डॉक्टर म्हणाला, "सोळा आठवडे. तोवर लघवीतलं प्रोटीन थांबलं तर उत्तम. नाही थांबलं तर पुढची औषधं जड आहेत, आणि मूत्रपिंडाचं मी आज काही सांगू शकत नाही." मीठ बंद. गर्दी बंद. कारण अंगाची राखण करणारी प्रथिनंही त्याच भोकातून गळत होती. कोणाची साधी सर्दी मला आडवी करू शकली असती.

निघताना लुर्दीनने मला एक परीक्षानळी, चिमटा, स्पिरिटचा दिवा आणि आपल्या घरच्या माडाच्या व्हिनेगरची बाटली दिली. "रोज सकाळी तापवून बगा. पांढरा झाला तर दोन थेंब ह्याचे घाला. विरघळला तर काय नाय, क्षार. तसोच रवला तर प्रोटीन. वहीत लिवा." प्रयोगशाळेच्या अ‍ॅसिडाऐवजी तिने घरचं व्हिनेगर दिलं, याचा मला फार आधार वाटला.

खोलीत

घरी मला पुढच्या खोलीत ठेवलं. खिडकीला शालनने मच्छरदाणीचं कापड ठोकलं. लोक यायचे ते खिडकीबाहेर उभे राहून. आणि रिकाम्या हाताने कोणी येत नव्हतं. "मास्तराच्या आंगातलां प्रोटीन गळता," ही बातमी गावभर गेली होती, आणि होडीत राहणाऱ्या माणसांना गळतीवरचा उपाय सांगावा लागत नाही. एकाने खेकडे, म्हणजे आमच्या कुर्ल्या, आणल्या. एकाने तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. एकीने दोन डझन अंडी. "गळता तर भरूक होयां, मास्तर!"

मी आतून व्याख्यान द्यायचो: बाबांनो, कुर्ली खाल्ली म्हणून कुर्लीचं प्रथिन माझ्या रक्तात जात नाही. पोट साखळी तोडून मणी सुटे करतं, यकृत त्यातून आपली साखळी विणतं. भोक तसंच असेल तर जास्त ओतून चाळणीवरच भार. डॉक्टरांनी मोजकंच सांगितलंय. बाहेरून उत्तर यायचं, "बरां, बरां. मगे ही तिसऱ्यांची सुकी खाशात मा?" आणि सुक्यात मीठ! मग ते सगळं आये आणि शालन खायच्या. माझ्या आजारात आमच्या घरात सगळ्यांची प्रकृती सुधारली.

स्टेरॉइडने भूक अशी लागायची की मी होडीसकट मासे खाल्ले असते. चेहरा गोल झाला, मांड्या बारीक झाल्या. बाजारात बांगड्याचा हंगाम, आणि माझ्या पानात अळणी भात, अळणी डाळ, अळणी बांगडा. अळणी बांगडा खाल्ला नसेल तर खाऊ नका. बांगड्याचा अपमान होतो. आयेला माझी दया यायची. ती दुपारी वाटीभर सोलकढी द्यायची. तेवढी एक चव.

आणि रोज सकाळी नळी. रोज पांढरी. चार आठवडे झाले, पाच झाले. शालन दारात उभी राहून विचारायची, "काय?" मी म्हणायचो, "अंडां." ती आत जायची.

दिवाळीचा प्रयोग

आता जे केलं ते सांगतो. सांगायची लाज वाटते, पण कोणी तरी दुसरा हे करेल आणि करू नये, म्हणून सांगतो.

नरकचतुर्दशीच्या सकाळी शालन आंघोळ करून, पोह्यांची तयारी करून दारात आली. "काय?" तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला "अंडां" म्हणवेना. मी म्हटलं, थांब, करतो. नळीत तांब्यातलं पाणी घेतलं, रंगाला चहाचा एक थेंब टाकला आणि दिव्यावर धरलं. बावीस वर्षांच्या अनुभवाने, हाताचा आविर्भाव करून, नळी खिडकीच्या उजेडात वर उचलली. नितळ!

आये रडली. शालन रडली नाही. तिने साडी बदलली, नारळ घेतला आणि देवीच्या देवळात जाऊन नवस फेडून आली. मला नवसाचं ठाऊकच नव्हतं.

चार दिवसांनी कुडाळच्या लॅबचा रिपोर्ट आला. त्यात प्रोटीनपुढे चार अधिक चिन्हं होती. शालनने ती बोटाने एकेक करून दाखवली.

"दिवाळीक नितळ होतां मां?"

मी रिपोर्टाची घडी घालायला घेतली.

"होतां काय नाय?"

"पाणी होतां ता."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "देवीसमोर माका खोटी पाडलात तुमी," एवढं म्हणाली. आणि दाराशी जाऊन वळली, "आता खरांच बरे झालात तरी माका कसां कळतलां?"

त्या दिवसापासून "काय?" विचारणं बंद झालं. जेवण यायचं, गोळ्या यायच्या, वही नीट ठेवलेली असायची. खोलीला जाळी होती, अंगाला सूज होती, आणि आता मी बोललेलं कुठेच पोचत नव्हतं. तिन्हींत हे शेवटचं सगळ्यांत वाईट.

त्यात वजन वाढू लागलं. पाय पुन्हा खांब. मीठ मी खात नव्हतो, पण माझं ऐकतंय कोण? शालनने सुक्या माशांच्या डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली.

लुर्दीनची चौकशी

आठव्या आठवड्यात गोव्याला गेलो. शालन सोबत. वाटेत ती पुढच्या बाकावर बसली. डॉक्टरने वजन बघितलं, पाय दाबला, कपाळाला आठी. "मीठ?"

"कणभरही नाही," मी म्हणालो. डॉक्टरने शालनकडे बघितलं. शालनने भिंतीकडे.

"असं असेल तर मला औषध बदलायचा विचार करावा लागेल," तो म्हणाला आणि लुर्दीनला म्हणाला, "यांच्या आहाराची नीट माहिती घ्या."

लुर्दीन समोर बसली. "मास्तर, कालचो दिवस सांगा. उठल्यापासून. तुमका सांगूक येता तसां सांगा, कायच सोडू नका."

कित्येक आठवड्यांनी कोणी मला सांग म्हणत होतं! मी सांगितलं. अळणी भाकरी कशी तोडली, अळणी डाळीकडे बघून काय म्हणालो, बांगड्याने माझ्याकडे कसं बघितलं. शेजारच्या बाकांवरचे पेशंटही वळून बसले. मी दुपारपर्यंत आलो. "आणि मग आये हळूच दार लोटून येता, पदराखाली वाटी. सोलकढी! नारळाचा दूध, लसूण, मिरची आणि..."

"थांबा," लुर्दीन म्हणाली. "सोलां घातली काय आगळ?"

"आगळ. आमच्या घरचां."

"मीठ घातलां?"

"नाय! आये वरसून कणभर मीठ घालना नाय."

"आगळ कसां करतत, मास्तर?"

मी तोंड उघडलं. दर मे महिन्यात रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून त्यांचा गर बरणीत घालतात आणि त्यावर मीठ ओततात, म्हणून रस वर्षभर टिकतो. आमच्याकडे ते मीठ मोजतो मीच, शाळेतला तराजू घरी आणून. रतांब्यांना किती, मीठ किती, हे मला पाठ. पण ते मीठ मे महिन्यातलं. स्वयंपाकात घालतात ते मीठ. आगळातलं मीठ हे आगळ. आये तसं मानते, शालन तसं मानते, आणि विज्ञानाचा शिक्षक तसंच मानत रोज वाटीभर पीत होता. कधी कधी दोन.

"अगो बाय माजे," शालन म्हणाली. दोन आठवड्यांतला तिचा पहिला शब्द. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे सुके बांगडे तुमी चोरूक नाय?"

"नाय."

तिने गळ्यातली किल्ली चाचपली, पण काढली नाही. "एक खरां निघालां म्हणून सगळां खरां होयत नाय," म्हणाली.

डॉक्टर हसला नाही. "सूज मिठाची. गळती वेगळी. सोळा आठवडे पुरे करू," म्हणाला.

सोलकढी बंद झाली आणि दहा दिवसांत पाय दिसू लागले. घोटे! मी त्यांना नावानं हाक मारली. वाटलं, सुटलो. सुटलो नव्हतो. नळी पांढरी ती पांढरीच. नऊ, दहा, अकरा आठवडे. चेहरा गोल, हात थरथरते, खिडकीला जाळी, आणि वहीत रोज तोच शब्द. इथे तुम्हाला धीराचं काहीतरी सांगायला हवं, पण त्या दिवसांत मला धीर नव्हता. मी नळी धुवायचो, पालथी ठेवायचो. आये दुपारी रिकाम्या हाताने येऊन बसायची. एवढंच.

तीन सकाळी

बाराव्या आठवड्याच्या शेवटी एके दिवशी पांढरं जरा विरळ वाटलं. मी वहीत लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी धुक्यासारखं. नंतरच्या मंगळवारी नळी तापवली, आणि आत काही नव्हतं. व्हिनेगर टाकलं. काही नाही. नळी उलटसुलट करून बघितली.

मी शालनला हाक मारली. ती हात पुसत आली. मी नळी पुढे केली. आविर्भाव नाही, काही नाही.

तिने नळीकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं, चहाच्या कपाकडे बघितलं.

"उद्या मी करतंय," म्हणाली.

बुधवारी उजाडता उजाडता तिने मला हलवलं. "उठा. मुतून येवा. आणि दार उघडां ठेवा." मी वाकलेल्या मानेने दार उघडं ठेवलं. बावीस वर्षं शिकवलेल्या शिक्षकावर असा सुपरव्हायझर कोणी बघितला नसेल. तिने भांडं माझ्या हातातून घेतलं, नळी भरली, दिवा लावला. चिमटा चुकीचा धरला होता. मी बोललो नाही. नळी तापली, बुडबुडे आले. थेंब टाकले. ती खिडकीच्या जाळीशी नळी धरून कितीतरी वेळ उभी होती.

"उद्या परत," म्हणाली. चेहऱ्यावर काही नाही.

गुरुवारी तिने पुन्हा केलं. दोनदा केलं, दोन वेगवेगळ्या नळ्यांत. दुसरी कुठून आणली मला माहीत नाही. दोन्ही नितळ. शुक्रवारी लॅबला पाठवायला म्हणून बाटली भरून ठेवली, झाकणाला दोरा बांधला, त्यावर स्वतःच्या हाताने माझं नाव लिहिलं.

मग त्या दोन नळ्या घेऊन ती मागच्या दाराने बाहेर गेली. परसात, मोरीच्या पाटाच्या तोंडाशी एक माड आहे. गेले तीन महिने माझी नळी, भांडं, सगळं त्याच्याच मुळात रिकामं होत होतं, आणि त्या मोसमात तो असा लगडला होता की माडावर चढून नारळ पाडणारा पाडेली विचारायचा, मास्तर, ह्याका काय खत घालतात?

मी खिडकीशी गेलो. शालनने दोन्ही नळ्या मुळात उपड्या केल्या, मान वर करून त्या माडाकडे बघितलं आणि मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"संपली मेल्या तुजी चैन."